आमच्या घरात रिसीव्हर बसला

ज्या माणसाने एका यंत्राच्या पाठीवर पन्नास-साठ भोकं ठेवायची कल्पना काढली, त्याच्या घरात बाईमाणूस नसावं. असतं तर तिने विचारलं असतं, बाबा, यातली लागतात किती? मला लागणार होती नऊ. ती नऊ कुठली हे कळायला मला अडीच महिने लागले, आणि त्याच अडीच महिन्यांत माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

मी ओरोसला सरकारी कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. क्वार्टरमध्ये एकटी राहिले आणि एकट्या माणसाला जमतात तसे छंद केले. त्यातला एक आवाजाचा. पुढे दोन मोठे स्पीकर, मधे एक आडवा, मागे दोन लहान, आणि सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर, असा संसार मी हळूहळू जमवला होता. सिनेमातलं दार मागे वाजलं तर ते मला मागेच ऐकू यायला हवं असतं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण कचेरीत सगळे हसत.

निवृत्त झाल्यावर मसुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथे, घरी आले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. भावाने पश्चिमेच्या दोन खोल्या माझ्यासाठी झाडून घेतल्या आणि म्हणाला, "तुका व्हये तितके दिस रव." त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं. पण असं आपण पाहुण्याला म्हणतो, हे मला त्याच रात्री अंथरुणात टोचलं.

सातबारावर तीन नावं आहेत: आईचं, त्याचं, माझं. आमच्याकडे बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळं व्हायचं असतं. सही करून बहीण माहेरचा आंबा-फणस खायला येते आणि सगळे तिला चांगली म्हणतात. मी सही केली नव्हती, कारण मला कोणी कागद दाखवला नव्हता. भावाने विषय काढला नाही, मीही काढला नाही. दोन वर्षं आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून पडवीत चहा पीत होतो. मला त्या घरात पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं आणि भाऊही तोडायचा नव्हता. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून गप्प होते. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही.

तर ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट झाला, एक वीज जवळपास कुठेतरी पडली आणि माझा जुना रिसीव्हर गेला. प्लग काढायची मीच सगळ्यांना शिस्त लावलेली, आणि माझाच काढायचा राहिला. भावजयीने ज्या तऱ्हेने पदर सारखा केला त्यात सगळं होतं.

नवा घ्यायचा ठरवला तेव्हा मला आईची आठवण झाली. आई चौऱ्याऐंशीची. ती भावाच्या बाजूला मधल्या खोलीत असते आणि तिला ऐकू येत नाही, म्हणजे आवाज येतो पण शब्द येत नाहीत. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून तिने ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलेलं आहे. तिच्यासाठी टीव्ही इतका मोठा लावत की रस्त्यावरचा माणूस मालिका ऐकून जाई, पण आईला विचारलं तर कथा भलतीच सांगे. आता माझ्यासारखीला हे माहीत असतं की सिनेमात माणसांचं बोलणं मधल्या आडव्या स्पीकरमधून येतं. नुसतं तेवढंच वाढवता येतं. आणि रिसीव्हर जरा बरा असेल तर त्याला दुसरा 'झोन' असतो, म्हणजे दुसऱ्या खोलीत वेगळे स्पीकर लावून तिथला आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. आईच्या उशाशी एक स्पीकर द्यायचा, त्यातून नुसती माणसं बोलतील. मला वाटलं, ही साधी गोष्ट आहे.

कुडाळच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, पन्नाशीचा, पण त्याला नऊ चॅनलचा, म्हणजे नऊ स्पीकर चालवणारा, रिसीव्हर खपवायचा होता. चार स्पीकर छताला लावा, म्हणाला, पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटेल. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर नळे, म्हणजे कौलं आहेत, छत नाही, आणि चार महिने पाऊस डोक्यावरच पडत असतो. नळ्यांच्या खाली वाशांवरून उंदीर फिरतात आणि उंदरांमागे मांजर, तेवढे आवाज मला वरून पुरे आहेत. तो म्हणाला, मग सीलिंग करून घ्या. रिसीव्हरसाठी घराचं छत बदलायला सांगणारा हा पहिला माणूस नव्हता. बांद्याला माझे एक जुने सहकारी राहतात, त्यांनी तर फोनवर मला भिंतींना गाद्या लावायला सांगितलं. चिऱ्याच्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणाले. मी विचारलं, तुमच्याकडे आहेत का गाद्या लावलेल्या? तर नाहीत. त्यांची बायको लावू देत नाही.

मग मी इंटरनेटवर वाचायला बसले आणि तिथे माझ्या नाकी नऊ आले. पुठ्ठ्यावर जे वॅट लिहितात ते दोनच स्पीकर चालू असतानाचे, पाचही लावले की निम्मे होतात, हे खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरात. माझे पुढचे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे यंत्राकडून जास्त वीज ओढणारे. एक गृहस्थ म्हणे, चार ओहमला हा रिसीव्हर तापून बंद पडेल. दुसरे म्हणे, काही होत नाही, मी सहा वर्षं वापरतो. तिसरा त्या दोघांना मूर्ख म्हणे. मी रोज दुपारी जेवून चष्मा लावून, रेंजसाठी विहिरीपाशी, बसत होते आणि चारला डोकं धरून उठत होते. शेवटी एक मॉडेल पक्कं केलं, पाच चॅनलचं, तर कळलं की त्याला दुसरा झोन आहे पण त्यात वायर जोडायला जागा नाही, आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. म्हणजे झोन आहे असं नुसतं म्हणायचं. दुसरं पक्कं केलं, सात चॅनलचं, तर त्याच्या दुसऱ्या झोनला रेडिओ जातो पण टीव्हीचा आवाज जात नाही. का जात नाही? कोणी सांगू शकलं नाही. ज्याला टीव्ही ऐकायचा त्याला रेडिओ देणारं हे डोकं कोणाचं, हे मला एकदा बघायचं आहे.

याच दिवसांत मी वायर किती लागेल ते मोजलं. टेप घेऊन माझ्या खोलीपासून पडवीतून, भावाच्या ओटीवरून, आईच्या खोलीपर्यंत. आकडे कागदावर लिहिले. आईच्या भिंतीवर जिथे भोक पाडायचं तिथे पेन्सिलीने खूण केली. भाऊ ओटीवर बसून काजूच्या कोयतीला धार काढत होता. त्याने विचारलं काय चाललंय. माझं डोकं ओहममध्ये होतं. मी विषय नंतरवर ढकलला, म्हटलं, कळात मागीर.

आणि दोन दिवसांनी मी दुकानदाराला तो फोन केला. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ येते आणि तिथून ओटी दहा पावलांवर. दुकानदाराशी मी कचेरीतल्या मराठीत बोलते. मालवणीत बोललं की तो "बघूया ताई" म्हणून वेळ काढतो, कचेरीच्या मराठीत बोललं की तारीख देतो. म्हणून मी मोठ्याने आणि स्पष्ट म्हटलं की आता माघार नाही, रिसीव्हर बसवायचाच. दोन भाग स्वतंत्र झाले पाहिजेत, माझ्या खोल्या एक आणि आईची खोली दुसरी. आईच्या खोलीचा ताबा माझ्याकडे राहील, तिकडच्यांना त्यातलं कळत नाही. मोजणी मी केलेली आहे, कागद पाठवते. आंगणेवाडीच्या जत्रेआधी काम व्हायला हवं. ताबा म्हणजे मला कंट्रोल म्हणायचं होतं. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

आता आमच्या गावात रिसीव्हर म्हणजे काय ते ऐका. वरच्या वाडीत दोन भावांचा वाटणीचा दावा चालू होता. कोर्टाने त्यांच्या काजूच्या बागेवर रिसीव्हर नेमला, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाग आणि तिचं उत्पन्न त्या तिसऱ्या माणसाच्या हातात. दोघे भाऊ कुंपणाबाहेर उभे राहून बिया खाली पडताना बघत. तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द आहे, आणि तो 'बसतो'. कोणाचं भांडण विकोपाला जातंय असं दिसलं की लोक म्हणतात, संभाळा, रिसीव्हर बसतलो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात त्या शब्दाच्या पाठीमागे साठ भोकं होती.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पडवीत चहाला आला नाही. भावजय बांगड्याचं तिखलं केलं की वाटीभर माझ्याकडे पाठवायची, ते बंद झालं. माझ्या खोलीला लागून धान्याची कोठी आहे, तिला कुलूप लागलं. एकदा भाऊ सकाळच्या एसटीने ओरोसला गेला आणि दुपारी परत आला, कशाला ते बोलला नाही. मला हे सगळं दिसत होतं आणि मी अर्थ लावला की माझ्या स्पीकरांचा यांना वैताग आलाय. मग मलाही राग आला. मी आईसाठी जिवाचं रान करतेय आणि यांना पोटदुखी! मीही बोलले नाही. जानेवारी उजाडला, काजूला मोहर आला, आणि एका घरात दोन चुली असल्यासारखे आम्ही वागत होतो. आई मधे बसून मोठ्या आवाजातली मालिका बघत होती.

शेवटी रिसीव्हर ठरला. सात चॅनल, दुसऱ्या झोनला टीव्हीचा आवाज जाणारा, चार ओहमला न घाबरणारा. दुकानदार स्वतःच खोका गाडीत घालून आला. मी मागे विहिरीवर होते. बेड्याशी, अंगणाच्या फाटकात, भाऊ उभा होता, त्याने विचारलं कोण पाहिजे. दुकानदार आपला सहज म्हणाला, "रिसीव्हर बसवूक इलंय."

पुढचं मला दुकानदाराने नंतर सांगितलं. भाऊ आत गेला, पंचा सोडून पँट-शर्ट घातला, हातात फाइल घेतली आणि परत आला. दुकानदाराला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कचेरीच्या मराठीत म्हणाला की साहेब, माझी बाजूही ऐकून घ्यावी, बहिणीने एकतर्फी मोजणी केलेली आहे. दुकानदाराला वाटलं वायरच्या मोजणीत चूक झालीय. तो म्हणाला, हरकत नाही, भिंतीला भोक पाडल्यावर आपण पुन्हा मोजू.

मी आले तेव्हा भाऊ फाइल धरून उभा होता. मला बघितल्यावर त्याची कचेरीची मराठी गेली.

"तुका वाटो व्हयो होतो तर माका सांगूचा," तो म्हणाला. "कोर्टात कित्याक गेलंस?"

मला काही कळेना. मी खोक्याकडे बघितलं, त्याच्या फाइलकडे बघितलं, आणि मग एकदम सगळं कळलं. टेप, पेन्सिलीची खूण, विहिरीवरचा फोन, कुलूप. मी कपाळावर हात मारला आणि तिथेच पायरीवर बसले. दुकानदाराला म्हटलं, खोका फोडा. त्याने फोडला. भावाने आत वाकून बघितलं, काळं यंत्र, त्याची ती साठ भोकं. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला, भावजय पाणी घेऊन आली, तीही हसली, आणि लगेच आत जाऊन तिने चहा टाकला. दोन महिन्यांनी तो पडवीत माझ्या शेजारी बसला. मीही हसत होते. मला खरंच बरं वाटलं होतं.

फाइल त्याने खोक्यावर ठेवली होती. कचेरीतल्या बाईसमोर फाइल ठेवू नये, तिचा हात जातोच. मी उघडली. वर नवे सातबाराचे उतारे होते, ओरोसच्या फेरीतले. त्यांच्याखाली हक्कसोडपत्र होतं. स्टँपपेपरवर विकत घेतल्याची तारीख असते. मी निवृत्त झाले त्या महिन्याची होती. म्हणजे तो माझ्या खोल्या झाडून घेत होता तेव्हा कागद तयार होता. शेवटच्या पानावर दोन जागा होत्या. एका जागेवर आईची सही, वाकडी, तिच्या सगळ्या काने-मात्रांसकट. दुसऱ्या जागेवर माझं नाव टाइप केलेलं, आणि सही कुठे करायची ते चुकू नये म्हणून पेन्सिलीने केलेली फुली.

भाऊ हसायचा थांबला. तो म्हणाला, मी तुला दाखवणारच होतो, पण तोंड होईना. आईचंही झालंय, तुझी सही झाली की विषय मिटतो. तू इथेच राहणार आहेस, कागदाने काय फरक पडतो, असंही म्हणाला. मला तेव्हा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो अडीच महिने मी इंटरनेटवरच्या गृहस्थांवर खर्च करून बसले होते. उरला होता तो थंड होता.

"मी सही करूचंय नाय," मी म्हटलं. "आणि कोर्टात पण जावचंय नाय."

"मग मी काय समजूचा?"

"मी हयसर रवतंय. घर माझा पण आसा. इतक्याच समज."

भावजयीने चहा आणून ठेवला, तो त्याने प्यायला, सबंध. मग फाइल उचलली आणि आत घेऊन गेला. फाडली नाही. मीही फाड म्हटलं नाही.

दुकानदाराला हे सगळं ऐकावं लागलं याची मला लाज वाटली. त्याने बिचाऱ्याने मान खाली घालून सगळ्या वायरी जोडल्या. मग यंत्राने आपला आपण सूर लावायचा प्रयत्न केला, पाच स्पीकरांतून टूं टूं आवाज काढले आणि पडद्यावर लिहिलं की मागचा डावा स्पीकर सापडत नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर होता. तीनदा केलं, तीनदा सापडला नाही. चौथ्यांदा सापडला, आम्ही काहीच बदललेलं नसताना. एरवी मी त्या यंत्राला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी ऐकवले नाहीत.

शेवटी आईच्या खोलीचं काम. भोक पाडून वायर आत घेतली आणि उशाशी स्पीकर ठेवला. दुकानदार माझ्या खोलीत जाऊन बातम्या लावून बसला, मी आईपाशी थांबून त्याला हाक मारून वाढवा, कमी करा सांगत होते. आधी नुसती गुणगुण. मग मधल्या स्पीकरचा आवाज त्याने वर घेतला, बाकीचे खाली घेतले, आणि बातम्या देणारी बाई खोलीत येऊन बसल्यासारखी बोलू लागली. आईने मान वळवली. ती बाई बोलत होती तसे आईचे ओठ हलायला लागले. रत्नागिरीला दोन दिवस पाणी येणार नाही, असं आईने मला सांगितलं. बरोबर होतं. मी तिच्या खाटेवर बसले आणि मला रडू आलं. मग मी आवाज कमी करायला सांगितला.

आई म्हणाली की बाहेर बोलाचाली झाल्यासारखी वाटली. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, कागदावर सही मागत होता.

"केलंस?"

"नाय."

"बरा केलंस," आई म्हणाली.

मी पुन्हा तिच्या कानाशी वाकले. तिची ती वाकडी सही अजून माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, मग तू कशी केलंस?

"तेना वाचून दाखवल्यान," ती म्हणाली. "माका काय एक आयकाक येवक नाय. मी व्हय म्हटलंय."